टॅबचं वायफाय जातं म्हणजे नेमकं काय जातं?

आमच्या घरात भिंतीवर चार टॅब आहेत आणि ते गरजेपोटी लावलेले आहेत. बाबांना कंपवात आहे. हात थरथरत असतो तेव्हा बोर्डावरचं बारीक बटण त्यांच्या बोटाखाली येत नाही, टॅबवरचं तळहाताएवढं बटण मात्र येतं. पंखा, दिवा, गिझर आणि ‘आईला बोलवा’ अशी बटणं त्यांच्या पलंगाशेजारच्या टॅबवर आहेत. शेवटचं दाबलं की स्वयंपाकघरात आणि वरच्या मजल्यावर बेल वाजते. त्यामुळे हा टॅब रात्री दोन वाजता ‘कनेक्शन तुटलं’ अशी पाटी दाखवून बसला की घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

घर सांगलीत. तळमजला, वर एक मजला, भिंती नऊ इंची विटांच्या. सगळा कारभार होम असिस्टंटवर चालतो. ही मुक्त प्रणाली २०१३ साली सुरू झाली. मला तिच्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे दिवे-पंख्यांचे निर्णय घरातल्या घरात होतात, बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. हॉलमध्ये टीव्हीखालच्या कपाटात रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आहे, तो हे सगळं सांभाळतो. टॅब फक्त त्याचं पान उघडून बसलेले असतात, फुली किऑस्क ब्राउझर या ॲपमध्ये, पूर्ण पडदाभर. म्हणजे टॅबला लागतं ते राउटरपर्यंतचं वायफाय. बाहेरचं नेट असलं काय, नसलं काय, बाबांचा पंखा चालायला हवा.

पण तो चालत नव्हता. कधी हा टॅब तुटलेला, कधी तो. एखाद्या दिवशी चारही व्यवस्थित, आणि दुसऱ्या दिवशी दोन बंद. रीस्टार्ट मारला की परत सुरू. नेट देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, राउटर बदला. दुकानदार म्हणाला, मेश घ्या, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे एकमेकांना जोडलेले डबे. ज्याने टॅब बसवले होते तो म्हणाला, चारही टॅब फॅक्टरी रीसेट करा. तिघांचंही बोलणं अनुभवातून आलेलं होतं आणि कुठल्यातरी घरात त्या त्या उपायाने काम झालंही असेल. मला मात्र पैसे घालायच्या आधी एकच गोष्ट हवी होती. टॅब तुटतात केव्हा, आणि तुटतात तेव्हा नेमके दिसतात कसे, याची नोंद.

नोंद दोन बाजूंनी ठेवली. एक आईने. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि दुधाचा, गॅसच्या सिलिंडरचा, मावशींच्या सुट्ट्यांचा हिशेब आई त्यावरच लिहिते. तिला म्हटलं, टॅब बिघडला की वेळ लिही आणि सोबत एक खूण कर. वायफायचं चिन्हच गायब असेल तर फुली. चिन्ह आहे पण पान गोल गोल फिरतंय तर शून्य. आणि पान दिसतंय पण त्यावरचं घड्याळ थांबलंय तर आडवी रेघ. आईने हे काम इतक्या निष्ठेने केलं की काही चौकोनांत तारखेला श्वास घ्यायला जागा उरली नाही. ‘‘अगं, तुझ्या वरच्या टॅबला नेहमी फुलीच असते,’’ हे तिनेच पहिल्यांदा सांगितलं, मी आकडे बघायच्याही आधी.

दुसरी नोंद होम असिस्टंटकडे. त्यात पिंग नावाची सोय आहे. घरच्या नेटवर्कवरच्या ठरावीक पत्त्यावर दर अर्ध्या मिनिटाला हाक मारायची आणि ओ आली की नाही ते लिहून ठेवायचं. चारही टॅबचे पत्ते त्यात घातले, आणि पाचवा राउटरचा. हा पाचवा फार कामाचा. सगळे टॅब एकदम गप्प झाले आणि राउटरही गप्प असेल, तर टॅबला दोष द्यायचं कारण नाही. होम असिस्टंट हा इतिहास मुळात दहा दिवसच ठेवतं, तो महिनाभराचा करून घेतला. त्याशिवाय प्रत्येक टॅबवर होम असिस्टंटचं स्वतःचं ॲप घातलं, म्हणजे वायफायचा जोर आणि बॅटरीची टक्केवारीही आलेखात यायला लागली.

आणि मग काही आठवडे मी एकही सेटिंग बदललं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. रोज कुणीतरी विचारणार, ‘‘झालं का गं ते?’’ आणि आपण म्हणणार, बघतेय. पण मध्येच काही बदललं असतं तर आधीच्या नोंदी आणि नंतरच्या नोंदी एकमेकींना जुळल्याच नसत्या.

पुरेशी पानं भरल्यावर जे दिसलं त्याने एक गोष्ट साफ झाली: चार टॅबना मिळून एक आजार नव्हताच. स्वयंपाकघरातला टॅब कधीही तुटायचा, काही क्षणांसाठी, दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी. वरचा टॅब आठवडाभर ठणठणीत असायचा आणि मग तासन् तास गायब. हॉलमधल्याचा त्रास शनिवार-रविवारी आणि सणावारी. आणि बाबांच्या खोलीतला फक्त रात्री.

पुढची पायरी अगदी साधी, आणि कुठल्याही घरात करता येण्याजोगी आहे. स्वयंपाकघरातला टॅब वर नेला आणि वरचा स्वयंपाकघरात लावला. बिघाड टॅबबरोबर जातो की भिंतीपाशीच राहतो, एवढंच बघायचं होतं. स्वयंपाकघरातले तुकडे स्वयंपाकघरातच राहिले, टॅब बदलूनही. तासन् तास गायब होण्याचा प्रकार मात्र टॅबबरोबर खाली आला. एक दुखणं जागेचं होतं, एक यंत्राचं.

जागेचं लवकर निपटलं. त्या भिंतीच्या पलीकडे, राउटरच्या थेट वाटेत, आमची स्टीलच्या भांड्यांची मांडणी आणि तिला लागून फ्रिज. धातूच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागातून लहरी आरपार जात नाहीत, परावर्तित होतात. तिथे वायफायचा जोर उणे ७९ डीबीएम मिळत होता. हे मोजमाप असं असतं की दर दहा अंकांमागे शक्ती दहापट कमी-जास्त होते. उणे ६५च्या आसपास किंवा त्याहून चांगलं असेल तर टॅब सुखाने राहतो, उणे ७५च्या खाली गेला की जोडणी कशीबशी तग धरते. टॅब ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीजवळ हलवला आणि तिथे उणे ६२ मिळाले. वायरमनने नवी पट्टी मारून चार्जरची वायर नेली. आईच्या आडव्या रेघा, म्हणजे थांबलेलं घड्याळ, तेवढ्या राहिल्या. त्यांचा वायफायशी संबंधच नव्हता. त्या पानावर फाटकाच्या कॅमेऱ्याचं चालतं चित्र होतं आणि जुन्या टॅबची मेमरी त्याखाली भरून जात होती. चालत्या चित्राऐवजी दर काही सेकंदांनी बदलणारा स्थिर फोटो ठेवला, रेघा थांबल्या.

यंत्राचं दुखणं मला आजही विलक्षण वाटतं. वरचा टॅब दादाने न्यू जर्सीहून येताना आणला होता. चांगला टॅब, पडदा सुंदर. त्याच्या फुल्या आणि घरातली लाइट जाण्याच्या वेळा शेजारी ठेवल्या तर लाइट जाऊन आल्यावरच तो गायब होत होता. प्रत्येक वेळी नाही, काही वेळा. तो गायब असताना सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर शेजाऱ्यांची नेटवर्कं यादीत दिसत होती आणि आमचंच दिसत नव्हतं. त्याच जागी उभं राहून माझ्या फोनवर आमचं वायफाय भरभरून.

उकल चॅनेलमध्ये निघाली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणं सहसा १ ते ११ एवढेच ऐकतात. आमच्या राउटरचं चॅनेल ‘आपोआप’वर होतं, म्हणजे चालू होताना आजूबाजूची गर्दी बघून तो मोकळा चॅनेल निवडायचा. आमच्या गल्लीत १, ६ आणि ११वर दाटी आहे, त्यामुळे लाइट आल्यावर तो कधीकधी १३वर जाऊन बसायचा. त्या क्षणापासून दादाच्या टॅबच्या लेखी आमचं नेटवर्क अस्तित्वातच नव्हतं. त्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे आपण आता भारतात आहोत हे मोबाइलच्या टॉवरकडून कळायचीही सोय नाही. पुढे लाइट जाऊन राउटर दुसऱ्या चॅनेलवर गेला की टॅब आपोआप बरा. म्हणूनच रीस्टार्ट मारून कधी गुण यायचा, कधी नाही.

हे पक्कं करायला आणखी एक साक्षीदार मिळाला. जिन्यात हालचाल ओळखून लागणारा दिवा आहे. त्याचा सेन्सर वायफायवर नाही, झिग्बी नावाच्या वेगळ्या बिनतारी जोडणीवर चालतो. झिग्बीही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतं. आमचं झिग्बी २५ क्रमांकाच्या चॅनेलवर आहे, म्हणजे २४७५ मेगाहर्ट्झवर. वायफायचा १३वा चॅनेल साधारण २४६२ ते २४८२ एवढी जागा व्यापतो, म्हणजे तो थेट झिग्बीच्या अंगावर येतो. होम असिस्टंटमध्ये मागे जाऊन बघितलं तर ज्या दिवशी दादाचा टॅब हरवलेला, त्याच दिवशी जिन्यातला दिवा उशिरा लागत होता. दोन वेगवेगळ्या तक्रारी, मूळ एक. राउटरचं चॅनेल ६वर पक्कं केलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. गल्लीत गर्दी आहे हे खरं, पण गर्दीने वेग थोडा कमी होतो, टॅब हरवत नाही, आणि एक पान दाखवायला वेग लागतो किती! जोडीला राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर टाकले. आता लाइट गेली तरी ते बंद पडत नाहीत.

हॉलमधल्या टॅबने मात्र बराच वेळ चकवलं, कारण त्याच्याबद्दल आईची नोंद आणि पिंगची नोंद एकमेकींच्या विरुद्ध होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आईने संध्याकाळभर शून्यं काढली होती, आणि पिंग म्हणत होतं की टॅब संपूर्ण वेळ ओ देतोय. दोघींतली एक चुकत असणार असं कुणालाही वाटेल. दोघी बरोबर होत्या. ओ येत होती, पण टॅबकडून येत नव्हती.

टॅब बसवताना बसवणाऱ्याने त्याचा पत्ता टॅबमध्येच हाताने टाइप केला होता, १९२.१६८.१.१२०. पण राउटर येणाऱ्या-जाणाऱ्या फोनना जे पत्ते वाटतो ते १०० ते १९९. म्हणजे टॅबचा पत्ता वाटपाच्या मधोमध. बरेच राउटर पत्ता देण्याआधी विचारतात, इथे कुणी आहे का? टॅब जागा असेल तर तो ‘आहे’ म्हणतो आणि काही बिघडत नाही. पडदा बंद होऊन तो झोपलेला असेल तर उत्तर येत नाही. राउटर समजतो जागा रिकामी आहे आणि तोच पत्ता आलेल्या पाहुणीच्या फोनला देऊन टाकतो. मग एका नावाची दोन माणसं एका वाड्यात राहायला आल्यासारखं होतं, टपाल कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. टॅबवर वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आणि पान फिरतच राहिलेलं. पाहुणे गेले की सगळं सुरळीत, म्हणून सोमवारी तपासायला बसलं तर काही सापडायचं नाही. राउटरच्या यादीत त्या पत्त्यासमोर भलत्याच फोनचं नाव दिसलं तेव्हा कोडं सुटलं, आणि तेही घरात माणसं असतानाच बघितलं म्हणून.

बसवणाऱ्यालाही विचारलं, हाताने पत्ता का घातला? त्याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. त्याने आधी योग्य तेच केलं होतं. राउटरमध्ये टॅबच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी, आयपी (तो १९२ने सुरू होणारा पत्ता) राखून ठेवला होता. पण ते लागू होईना. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, टॅब आणि फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता न सांगता एक बनावट सांगतात, माग काढता येऊ नये म्हणून. बाहेर फिरताना ही सोय उत्तम आहे आणि ती बंद करू नये. पण खोक्यावर छापलेला मॅक राउटरला देऊन राखीव जागा केली तर टॅब दुसऱ्याच नावाने येतो आणि ती जागा त्याला मिळत नाही. म्हणून त्याने हाताने आकडा घातला. आम्ही मग घरच्या नेटवर्कपुरतं टॅबच्या सेटिंगमध्ये ‘यंत्राचा खरा मॅक’ निवडला, हाताने घातलेला पत्ता काढून टाकला, आणि राउटरमध्ये १० ते ३० या वाटपाबाहेरच्या पत्त्यांत चारही टॅबसाठी जागा राखली. पुढच्या रविवारी सगळं गोत जमलं होतं, टॅब मस्त चालला.

आता बाबांची खोली. यासाठीच तर सगळा खटाटोप.

पहिली गोष्ट, तिथे वायफायचा जोर उत्तम होता, उणे ५४. पत्त्याची भानगड नव्हती. दिवसभर टॅब एकदाही तुटत नव्हता. रात्री साधारण बारानंतर पिंगच्या आलेखात छिद्रं पडायला लागायची आणि पहाटेकडे ती लांब होत जायची. मधे मधे थोडा वेळ टॅब जागा होऊन ओ द्यायचा, परत गप्प. ही मधली अंतरं वाढत जातात हे बघितलं आणि डोझची आठवण झाली. अँड्रॉइड ६मध्ये, २०१५ साली, बॅटरी वाचवायला ही व्यवस्था आली. यंत्र चार्जिंगला नाही, पडदा बंद आहे, आणि ते हलत नाही, या तिन्ही गोष्टी काही काळ जमल्या की यंत्र गाढ झोपतं. ॲपना नेटवर्क वापरता येत नाही. अधूनमधून छोटी खिडकी उघडते, तेवढ्यात सगळ्यांनी आपली कामं उरकायची, आणि जितका वेळ जाईल तितक्या या खिडक्या विरळ होतात. खिशातल्या फोनसाठी ही चांगली रचना आहे. भिंतीवर खिळलेला टॅब मात्र कधीच हलत नाही, तिसरी अट तो जन्मभर पाळतो.

पण पहिली अट? टॅब तर चार्जरला जोडलेला. इथे आमच्या चार्जिंगच्या नियमाशी गाठ पडली. आधीचा एक टॅब सतत चार्जिंगला राहून फुगला होता. काच चौकटीतून वर आलेली बघितल्यावर बाबांच्या उशाशी तसा टॅब ठेवायची कुणाचीच तयारी नव्हती. लिथियमची बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि वर सांगलीचा एप्रिल, हे तिला मानवत नाही. म्हणून चार्जरला स्मार्ट प्लग लावलेला आहे. बॅटरी ३०वर आली की प्लग चालू, ८०वर गेली की बंद. बाबांच्या टॅबचा हा फेरा असा जुळला होता की रात्री दहा-अकराच्या सुमाराला ८० टक्के व्हायचे आणि प्लग बंद व्हायचा. झोपेत उजेड नको म्हणून पडदाही बंद. तिन्ही अटी पूर्ण, आणि टॅब झोपी.

रात्री दोनला बाबा हात लावायचे तेव्हा पडदा लगेच उजळायचा. बटणं दिसायची. पण पानाची जोडणी परत लागायला वेळ जायचा, आणि या टॅबच्या कंपनीने स्वतःची वेगळी बॅटरी बचतही घातलेली, ती वायफायच बंद करून ठेवायची. त्यामुळे अर्धा मिनिट आणि कधी त्याहून जास्त. थरथरत्या हाताने बाबा बटण दाबत राहायचे आणि त्यातलं एकही दाबणं कुठे पोहोचायचं नाही. ‘‘दाबलं होतं मी,’’ ते सकाळी सांगायचे. खरंच दाबलेलं असायचं. आपल्या हातानेच दगा दिला असं त्यांना वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त तोडायचं होतं ते हे.

त्याहून वाईट भाग पुढे होता. प्लग कधी चालू करायचा हे ठरतं बॅटरीच्या टक्केवारीवरून, आणि ती टक्केवारी टॅबच कळवतो, वायफायवरून. टॅब झोपला की आकडा आहे तिथेच अडकतो. होम असिस्टंटच्या आलेखात रात्रभर ७४ची सरळ रेघ. प्रत्यक्षात बॅटरी उतरत असते. खाली आल्यावर टॅब आणखी कडक बचत सुरू करतो, म्हणजे कळवणं आणखी कमी. प्लग वाट बघतोय ३०च्या निरोपाची, आणि निरोप देणारा गप्प. काही सकाळी टॅब पूर्ण मेलेला सापडायचा त्याचं कारण हे चक्र.

उपाय एकावर एक घातले, आणि यातला कुठलाही एक पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. फुली किऑस्क आणि होम असिस्टंट या दोन्ही ॲपना बॅटरी बचतीतून सूट दिली. अशी सूट मिळालेल्या ॲपला डोझमध्येही नेटवर्क वापरता येतं. फुली किऑस्कमध्ये वायफाय जागं ठेवायची सेटिंग असते, ती लावली. कंपनीची ती वेगळी बचत बंद केली. चार्जिंगच्या नियमाला दोन वाक्यं जोडली. रात्री दहा ते सकाळी सहा प्लग चालूच. आणि कुठल्याही टॅबकडून अर्धा तास बॅटरीचा निरोप आला नाही, तर आकडा काय आहे ते न बघता प्लग चालू. हे दुसरं वाक्य चारही टॅबना लावलं. माझ्या मते ज्यांनी ज्यांनी भिंतीवरच्या टॅबना असा प्लग लावलाय त्यांनी ते आजच लावावं. निरोप न येणं हाही निरोपच धरायचा.

मग रात्रभर प्लग चालू, तर बॅटरी शंभरावर राहणार, फुगण्याचं काय? आमच्या चार टॅबपैकी एकात चार्जिंग मर्यादेवर थांबवायची सोय त्याच्याच सेटिंगमध्ये निघाली. चार्जरला जोडलेला असूनही तो ठरलेल्या टक्क्यांच्या पुढे भरत नाही. तो हॉलमध्ये होता. त्याची आणि बाबांच्या टॅबची अदलाबदल केली. आता बाबांच्या उशाशी जो आहे तो रात्रभर चार्जिंगला असतो, म्हणून डोझ लागतच नाही, आणि बॅटरीही काठोकाठ भरत नाही. नवा टॅब घ्यायचा असेल तर पडद्याच्या आकाराआधी मी ही सोय आहे का ते विचारेन.

आणि ‘आईला बोलवा’साठी पलंगाच्या कडेला झिग्बीचं एक मोठं, दाबायचं बटण चिकटवलं. वायफाय असो-नसो, ते चालतं. आलेख कितीही सरळ झाले तरी आजारी माणसाचं बोलावणं एकाच तारेवर टांगून ठेवायची माझी तयारी नाही.

सगळं झाल्यावर एका संध्याकाळी राउटरमागची फायबरची वायर मुद्दाम काढली. आमच्याकडे रस्ता खोदला की फायबर तुटते, तेव्हा काय होईल ते आधीच बघायचं होतं. अँड्रॉइड वायफायला जोडल्यावर बाहेरच्या एका पत्त्याला छोटी विचारणा करतं. ठरलेलं उत्तर आलं नाही तर ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं म्हणतं, आणि काही टॅब मग दुसरं ओळखीचं नेटवर्क शोधायला निघतात. तीन टॅब जागेवर राहिले. दादाचा टॅब निघून गेला, कारण त्यात माझ्या फोनचा हॉटस्पॉट साठवलेला होता आणि तो त्या वेळी चालू होता. चारही टॅबमधून घरच्या वायफायखेरीज बाकीची सगळी नावं पुसली, इंटरनेट नसेल तरी इथेच राहा असं सांगितलं, आणि परत वायर काढून बघितली. नेट नसताना बाबांनी पंखा चालू-बंद केला, आईने देवघरातला दिवा लावला.

राउटर तोच आहे, मेश घेतलं नाही. आईने कालनिर्णयावरच्या खुणा बंद केल्या, पिंगची नोंद मात्र चालू ठेवली आहे, आणि ती ठेवल्याचा उपयोग झाला. मधे बाबांच्या टॅबला एक अपडेट आलं आणि त्यानंतर ॲपना दिलेली बॅटरीची सूट निघून गेली होती. आलेखात पहाटेची छिद्रं दिसली तेव्हा लक्षात आलं. बाबांना पत्ता लागला नव्हता, कारण ते बटण वापरत होते. सूट परत दिली आणि त्या टॅबचं आपोआप अपडेट होणं बंद केलं. आता अपडेट मी रविवारी सकाळी स्वतः घालते, सूट, वायफायची सेटिंग आणि मॅक पत्ता जागेवर आहेत का ते बघते, आणि त्या रात्रीचा आलेख सोमवारी कामाला बसायच्या आधी उघडते.